कोटाची मागची बाजू

बेचाळीस साल म्हटलं की आपल्याला ‘चले जाव’ आठवतं. हॉलंडमध्ये हूफडॉर्पला आमच्या शेजारी राहणाऱ्या ओमाला मात्र अमेरिकन सिनेमा आठवायचा. इथे आजीला ओमा म्हणतात, आणि नव्वदी ओलांडलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार! दर गुरुवारी दुपारी ती मला सिनेमा बघायला बोलवायची, आणि सिनेमा कायम त्याच एका सालचा. ‘‘कसली गं ही तुमची मॅटिनी?’’ नवरा चिडवायचा. त्याला काय कळतंय!

पहिल्याच गुरुवारी मी घोळ घातला. ओमाने टेबलावर कॉफीचे तीन कप ठेवले होते. तिसरं माणूस काही येईना, कॉफी गार व्हायला लागली. काही वाया घालवायचं नाही हे आमच्या हाडीमासी खिळलेलं, म्हणून मी तो कप उचलला आणि पिऊन टाकला. ओमाचा चेहरा पांढराफटक पडला. ‘‘तो माझ्या बहिणीचा होता,’’ ती म्हणाली. बहीण लढाईतच गेलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पितृपक्षात गेलेल्या माणसासाठी वाढलेलं पान आपणच जेवून उठावं, तशातली गत.

मग तिने सगळं सांगितलं. देश जर्मनांच्या ताब्यात, अमेरिकन सिनेमांवर बंदी. थोरली बहीण सोळा वर्षांची, ठार सिनेमावेडी. चोरून आलेल्या एका मासिकात तिला त्या वर्षीच्या एका सिनेमाचा फोटो मिळाला. नटी लांब कोट घालून उभी, समोरून. पोरीने घरातलं ब्लँकेट कापून हुबेहूब तसा कोट शिवला. मागची बाजू फोटोत नव्हती, ती तिने मनानेच केली. कमरेवर पट्टा, त्याला दोन बटणं. शाळेतल्या मुली खदाखदा हसल्या. मागून असा नसणारच म्हणे! ‘‘सिनेमा आला की बघूच,’’ ती म्हणायची. लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात अन्न संपलं, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खायला लागले. त्यात ती गेली. त्याच कोटात तिला पुरली.

पुढे लढाई संपली आणि अडकलेले सिनेमे एकदम आले. ओमाने बहिणीच्या वाटचे सगळे बघितले, पुन्हा पुन्हा बघितले. तो एक सोडून.

‘‘पट्टा नसला तर?’’ ती मला म्हणाली. ‘‘तर त्या मुली खऱ्या ठरतील.’’

अगं बाई, त्यातली एक तरी जिवंत आहे का आता, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

गेल्या हिवाळ्यात ओमाची नजर गेली. पडद्यावर नुसता धुरकट उजेड दिसतो म्हणायची. मग एका गुरुवारी आपणहून म्हणाली, ‘‘आज तोच लाव. तू बघ आणि मला सांग.’’

मला रागच आला. एवढं मोठं ओझं माझ्याच डोक्यावर का? पण नाही कसं म्हणणार? तीन कप भरले आणि सिनेमा लावला.

माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये मी सांगत राहिले. तो आला. ती रडतेय. आता स्टेशन. मेली ती नटी सगळा वेळ समोरूनच! अगदी शेवटी ती वळली आणि फलाटावरून चालायला लागली. कोट मागून साधा होता. सपाट. ना पट्टा, ना बटण.

‘‘सांग,’’ ओमा म्हणाली. तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

‘‘आहे,’’ मी म्हणाले. ‘‘पट्टा आहे. दोन बटणं आहेत.’’

ती रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणाली, ‘‘ऐकलंस?’’ आणि एवढी म्हातारी बाई लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. मलाही रडू आवरेना.

शांत झाल्यावर तिने चाचपत तिसरा कप शोधला आणि माझ्यापुढे सरकवला.

‘‘पी,’’ म्हणाली. ‘‘आता तिला थांबायला नको.’’

कॉफी पार गार झाली होती. मी सगळी प्यायले.