आधी कोण बोललं?

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाटकाच्या तालमीत होतो... डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, हातात तलवार. "दाजी गेले," त्याच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा भाऊ म्हणाला. मुकुट काढायचंही मला सुचलं नाही. त्याला आता महिना झाला, आणि अजूनही त्याची आठवण निघाली की आधी हसू येतं. त्याला माझा इलाज नाही.

हा माझा शाळासोबती नगरच्या एका कारखान्यात फायबरच्या टाक्या बनवायचा. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास त्यानं स्वतःच्या हातांनी दोघांपुरती, लांबट, निमुळती कयाक होडी बनवली आणि रविवारी ती टेम्पोत घालून मला विसापूरच्या तलावावर न्यायला लागला. वल्हवणं मला त्यानंच शिकवलं. पक्षी ओळखायलाही त्यानंच. पाण्यावर तासभर न हलता बसू शकणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. पण एका शनिवारी माझ्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला तो पहिल्या रांगेत चक्क घोरला. पहाटेपासून पक्ष्यांमागे माळ तुडवून आला होता. मी भूमिका न सोडता गरजलो, "सेनापती, त्या घोरणाऱ्याला घरी पोचवा!" सभागृह हसलं, सुधाकर उठून गेला. झाला अबोला सुरू! त्यानं आधी बोलावं असं मला वाटे, मी बोलावं असं त्याला. महिने गेले. लहानपणापासूनची मैत्री आता सुटते की काय, अशी वेळ आली.

मग थंडीतल्या एका रविवारी वहिनींचा फोन. "भावोजी, हे तुमच्या दारात टेम्पो घेऊन थांबलेत. बोलवत नाहीयेत हं, नुसते थांबलेत." मीही गेलो नाही, नुसता खाली उतरलो. तलावापर्यंत दोघांत फक्त टेम्पो बोलला. काठावर एक म्हातारा मेंढ्यांना पाणी पाजत होता. कयाककडे बघून म्हणाला, "ह्या शेंगंत दोन दानं मावत्यात व्हय? आन् बोलत का न्हाई? भांडला का काय?" आम्ही दोघांनी एकदम नकाराची मान हलवली.

मी पुढे, तो मागे. पाणी काचेसारखं. शेकाटे लांब तांबड्या पायांनी चिखलात फिरत होते, पाणकावळे पंख पसरून ऊन खात होते... आणि पलीकडे नारिंगी चक्रवाकांची जोडी! मी पाण्याकडे बघत मोठ्यांदा म्हणालो, "वा! गावठी बदकं!"

मागचं वल्हं थांबलं.

मी पुढे रेटलं, "कुणी पाळलीत कोण जाणे. संध्याकाळी मालक टोपलीखाली डालायला येईलच."

"गाढवा, चक्रवाक आहेत ते! हिमालय ओलांडून आलेत!"

त्या ओरडण्यानं जोडी उडाली, आणि आम्ही इतके हसलो की शेंग उलटायचीच बाकी होती. मग उन्हं कलेपर्यंत आम्ही पाण्यावर होतो. भाकरी-ठेचा खाल्ला, वल्ही आडवी ठेवून वारा नेईल तिकडे गेलो, आणि महिन्यांचं साचलेलं बोललो.

पुढे चारचौघांत तो सांगायचा, "बदकं म्हणाला हा, म्हणजे आधी हाच बोलला." मी म्हणायचो, "मी पाण्याशी बोललो. माझ्याशी तू बोललास." हार कुणीच मानली नाही.

परवा त्याच्या घरी गेलो. खुंटीवर दुर्बीण होती. वहिनींनी चहा पुढे केला. "भावोजी, आता तरी खरं सांगा. आधी कोण बोललं?"

निदान आता तरी त्याला जिंकू द्यावं, म्हणून सगळा अभिनय पणाला लावून मी म्हटलं, "मीच, वहिनी."

"काहीतरीच! हे तर त्याच संध्याकाळी मला म्हणाले होते, 'चक्रवाक त्याला चांगला ओळखता येतो गं. पण मलाच कधीचं बोलायचं होतं.'"