शिवणीतली माया

बाईंना सगळी गल्ली ‘टाचणी’ म्हणायची. एक तर ओठांत कायम टाचण्या धरलेल्या, त्यात बोलणंही टोचणारं. पण हातात कसब असं, की त्यांनी शिवलेला कपडा अंगावर चढवला की माणूस आरशासमोरून हलायचं नाव घेत नसे. चाळीस वर्षांत त्यांनी एकच कपडा वाईट शिवला होता, आणि तोही मुद्दाम.

तो सुनेचा लग्नाचा पांढरा झगा. मुलाने आईला न विचारता मुलगी ठरवली, याचा राग बाईंनी तोंडाने नाही, कात्रीने काढला. शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड सोडतात, लागलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. शिकाऊ पोरीसुद्धा ती ठेवायला विसरत नाहीत. बाईंनी ती पार छाटून टाकली, टाके कापडाच्या अगदी काठावर आले, जरा ताण पडला की निसटणारे. लग्नाच्या जेवणात नवरी जराशी वाकली आणि झगा पाठीवर टर्रकन फाटला. बायका हसू दाबत म्हणाल्या, पोरगी आठवड्याभरात बरीच सुटलेली दिसते. बाई गप्प बसल्या. त्याला आता चार वर्षं झाली.

सून येत-जात असे, आई म्हणून हाक मारत असे. बाई तिला चहा करून द्यायच्या आणि तिच्या पाठीकडे बघायचं टाळायच्या.

यंदा नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी वेदीजवळच्या चार मेणबत्त्यांपैकी पहिली पेटवून फादर म्हणाले, की नाताळसाठी घर झाडता तसं मनही झाडा. बाईंनी त्यातलं घर तेवढं ऐकलं. कोळिष्टकं काढली, मशीनला तेल घातलं, दुसऱ्या रविवारपर्यंत पडदेसुद्धा नवे शिवून टांगले. मग मात्र झाडायला काही उरेना. तिसऱ्या आठवड्यात नाइलाजाने त्या पापाची कबुली द्यायला गेल्या आणि जाळीपलीकडच्या फादरांना झग्याची सगळी गोष्ट सांगून मोकळ्या झाल्या.

फादर म्हणाले, “देवाने माफ केलं, बाई. पण झगा देवाचा नव्हता.”

बाई तणतणत घरी आल्या. सुनेला दिवस गेले होते. खरं सांगितलं आणि तिने येणंच तोडलं, तर नातवंडाचं तोंडही दिसायचं नाही. आणि न सांगावं, तर त्या बाळाला पहिलं झबलं शिवायचं कोणत्या हातांनी? त्या आठवड्यात बाईंनी दोन वेळा कॉलर उलटी लावली.

चौथ्या रविवारच्या आदल्या दुपारी सूनच दारात उभी राहिली. हातात निळं कापड. जुने कपडे होईनासे झालेत, एखादा सैलसा शिवून द्या, म्हणाली. बाईंनी कापड टेबलावर पसरलं, मापं घेतली, खडूने शिवणीची रेघ मारली. तिच्या बाहेर मायेची रेघ मारायची, तिथे हात अडला. त्यांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून डबीत ठेवल्या.

“तुझा झगा आपोआप फाटला नव्हता,” त्या कापडाकडे बघत म्हणाल्या. “मी आत माया ठेवलीच नव्हती. मुद्दाम.”

सून स्टुलावर टेकली.

“माहीत आहे, आई. दुरुस्तीला दिला तेव्हा त्या टेलरनेच सांगितलं. म्हणाला, यात मायाच नाही, सैल कुठून करू?”

मग इतकी वर्षं गप्प का राहिलीस, एवढंच बाईंनी कसंबसं विचारलं.

“आधी खूप राग आला. यांनाही सांगितलं नाही, म्हटलं उगाच मायलेकांत वाकडं यायचं. मग दर नाताळच्या आधी वाटायचं, या वर्षी तुम्ही बोलाल.”

टाचण्या तोंडात नव्हत्या, तेव्हा बाईंना रडायला काहीच अडचण नव्हती. त्या पोटभर रडल्या. सून पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि तिचेही डोळे कोरडे नव्हते.

शेवटी बाईंनी डोळे पुसून खडू उचलला. माया किती ठेवू, म्हणून विचारलं.

“जास्तच ठेवा,” सून म्हणाली. “अजून तीन महिने वाढायचं आहे.”

बाईंनी चार बोटं सोडून रेघ मारली.