टायपिंगबाईंनी कागदात घातलेलं नाव

टायपिंगबाई. सगळ्यात आधी हे नाव लिहितो, कारण पुढे जे सांगणार आहे ते त्यांच्यामुळे घडलं. देव, नशीब, कचेरीतले साहेब यांचे आभार नंतर मानीन.

मुरबाडच्या तहसील कचेरीकडे तुमचं कधी काम निघालं असेल तर तुम्हीही त्यांना बघितलं असेल. पत्र्याची टपरी, आत जुना कॉम्प्युटर, चष्मा कायम कपाळावर. टाइपरायटर जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण नाव टायपिंगबाईच राहिलं. समोर माणूस बसला की त्या कॉम्प्युटरला हात लावत नसत. पेनाचं टोपण काढून मागे खोचायच्या आणि विचारायच्या, "सकाळी तुमच्या घराचं दार कोण उघडतं?"

मृत्युपत्र करायला आलेला माणूस गोंधळायचा. "दार? दार बायको उघडते."

"मग तिचं नाव ह्यात कुठाय?"

एकदा माझ्यासमोरच एका म्हाताऱ्याने फक्त चार पोरांची नावं सांगितली. बाई म्हणाल्या, "आणि पोरी?" तो म्हणाला, "त्या दिल्या." बाईंनी पेन खाली ठेवलं. "दिल्या म्हंजे काय, मेल्या का?" म्हातारा खाली बघत हसला आणि आणखी दोन नावं सांगितली.

आता आमचं सांगतो. मी सातवीत शाळा सोडली. गेली बारा वर्षं गुजरातेत टाइल्सच्या कारखान्यात भट्टीवर आहे. आई-बाप लहानपणीच गेले. मला आणि धाकट्या वनीला आत्याने वाढवलं. आत्या विधवा, तिला मूल नाही. मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना वैशाखरे लागतं, तिथे तिचं घर आणि नवऱ्याच्या वाटणीची थोडी भातजमीन. वनी एका पायाने अधू आहे, पण तिला कोणी बिचारी म्हटलेलं खपत नाही. शेत तीच बघते, शेळ्या तिच्या, आणि उन्हाळ्यात घाटात जाणाऱ्या गाड्यांना करवंदं विकते ती इतक्या रुबाबात, की गिऱ्हाईक भाव करायला घाबरतं.

माझा जीव मात्र कायम टांगणीला. भट्टीसमोर उभा असलो तरी डोक्यात तेच, आत्याला काही झालं तर वनी राहील कुठं? आत्याला दिराचे दोन मुलगे. घरासमोरची जमीन विकत मागायला फार्महाउसवाले यायला लागल्यापासून त्यांचं येणं-जाणं वाढलेलं. आत्या गेली आणि कागद नसला, तर जमीन तिच्या नवऱ्याच्या माणसांकडे जाणार, हे मला कारखान्यातल्या एकाने सांगितलं. त्या दिवसापासून मला जेवण जाईना. रोज फोन करायचो. वनी वैतागायची. "दादा, आत्या जिती हाय रे! तूच मरशील काळजीने."

शेवटी रजा काढली आणि आत्याला मुरबाडला नेलं. ती सबंध रस्ता तोंड फुगवून होती. "मरणाचा कागद जितेपणी कशाला करायचा? यमाला पत्ता द्यायचा का?"

टायपिंगबाई म्हणाल्या, "मावशी, मी सतरा वर्षं हे कागद करते. कागद केला म्हणून कोणी गेला नाय. नाय केला म्हणून मागच्यांना रस्त्यावर आलेलं मात्र लई बघितलं."

आत्या नरमली. म्हणाली, "लिवा मग. घर, शेत, सगळं ह्या पोराच्या नावावर."

मी सरसावून बसलो. खरं सांगतो, मलाही तेच अपेक्षित होतं. वनीला मी सांभाळीन, असं मनात धरून चाललो होतो. बाईंनी टोपण मागे खोचलं आणि त्यांचा तो प्रश्न विचारला.

आत्या म्हणाली, "दार वनी उघडते. हा कुठं असतो घरात?"

"मग पोराचं नाव कशाला?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी पायाकडे बघितलं. शेवटी ती म्हणाली, "खरंच की गो. वनीचंच घाला."

कागद तिथल्या तिथे बदलला. मी सरसावून बसलेला, मागे सरकलो. बाईंच्या ते नजरेत आलं. आत्या पाणी प्यायला उठली तेव्हा हळूच म्हणाल्या, "वाईट वाटलं?"

"नाय बाई."

"खोटं नको बोलू. वाटू दे. चार दिवसांत जाईल."

मग त्या पुन्हा लिहायला लागल्या आणि लिहिलेलं मोठ्याने वाचलं. घर आणि शेत वनीचं. त्याखाली एक ओळ, जी आम्ही कोणी सांगितली नव्हती: माझ्या भाच्याला या घरात केव्हाही येण्याचा व हवे तितके दिवस राहण्याचा हक्क राहील.

वर्षानुवर्षं परमुलखात राहिलेल्या माणसाला विचारा, ही ओळ ऐकून काय होतं ते. मी टपरीबाहेर जाऊन उगाच चहा सांगितला.

पण खरी गंमत साक्षीदारांची. आमच्याकडे मोठं काम असलं की वाडीतल्या वडीलधाऱ्यांना पुढे करायचं, हा मान असतो. आत्याने मानाने दोन म्हातारे आणले होते. एकाला ऐकू कमी, दुसऱ्याला धरून रिक्षातून उतरवलेलं. बाईंनी दोघांना नमस्कार केला, बसायला दिलं, आणि आत्याला म्हणाल्या, "मावशी, साक्षीदार तुमच्या मागं राहायला पायजे. हे दोघं तर तुमच्या आधी निघायच्या तयारीत हायत."

मला वाटलं, आता भांडण होणार. पण ज्याला ऐकू येत होतं तो एवढा हसला की त्याला ठसका लागला. "बाई खरं बोलते! माझं तिकीट कधीच निघालंय." दोघांना भजी खाऊ घालून आम्ही परत फिरलो.

पुढच्या आठवड्यात दोन तरणी माणसं नेली. एक भाताच्या मळणीची मशीन चालवणारा आमच्या वाडीतला पोरगा, दुसरी अंगणवाडीची ताई. बाईंनी आत्याला डॉक्टरकडेही पाठवलं, डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला आणायला. आत्या भडकली. "मी येडी हाय का?"

"नाय ना? मग तेच त्याच्याकडून लिहून आणा. उद्या कोणीतरी म्हणणारच."

दाखला आला, साक्षीदारांसमोर सही झाली, निबंधकाच्या कचेरीत नोंदही झाली. आत्या घरी आली ती नवरीसारखी. वनीला म्हणाली, "आता बघते कोण माझ्या पोरीला उठवतं."

दीड वर्षाने आत्या गेली. सहज गेली, दुपारी जेवून पडली ती उठली नाही. तेराव्याचं जेवण झालं आणि दिराचे मुलगे वनीला म्हणाले, "तुझी सोय आमी करू. सामान आवर." वनीने सामान आवरलं नाही, पेटीतला कागद काढला. त्याप्रमाणे जमीन तिच्या नावावर चढवायला दिली तर त्यांनी तहसील कचेरीत हरकत घेतली. काकीला काही समजत नव्हतं, म्हणे, तिच्याकडून फसवून सही घेतली.

मी धावत आलो. रात्रभर गाडीत डोळा लागला नाही. वनीला घेऊन टायपिंगबाईंकडे जाऊन बसलो आणि एकच गोष्ट तीनदा सांगितली. त्या वनीकडे वळून म्हणाल्या, "साहेबांनी विचारलं तेवढंच सांगायचं. रडायचं नाय. भावाला बोलू द्यायचं नाय, तो घाबरट हाय." वनी म्हणाली, "ते मला ठाऊक हाय."

सुनावणीला समोरच्यांचा वकील होता. आमच्याकडे कागद, डॉक्टरचा दाखला आणि ती दोन तरणी माणसं. मळणीवाला तर भाताची कामं टाकून आलेला. म्हणाला, "सही केली तेव्हा मी बाजूला होतो. त्याच दिवशी आत्याने मला मागच्या मळणीतलं एक पोतं कमी भरल्याचं बोलून दाखवलं. मी विसरलो होतो, ती नाय." साहेब हसले. अंगणवाडीची ताई म्हणाली, "कागद सबंध वाचून घेतल्याशिवाय तिने पेन हातात धरला नाय."

दिराचा मोठा मुलगा तरी म्हणाला, "काकीला हिशेब कळत नव्हता साहेब."

तेव्हा वनी विचारल्याशिवाय बोलली. "कळत नव्हता तर दर दिवाळीला तिचे तांदूळ कोणाकडनं मोजून नेत होतात तुमी?"

तिथं बसलेला कारकूनसुद्धा हसला. पुढच्या महिन्यात निकाल आला. हरकत फेटाळली, मृत्युपत्राप्रमाणे नोंद मंजूर. वनीच्या नावाचा सातबारा हातात आला तेव्हा ती तो घेऊन अख्ख्या वाडीत लंगडत फिरली. प्रत्येक दारात थांबली. शेळ्यांनाही दाखवला असणार. मी पुन्हा रजा काढून आलेलो, तिच्या मागोमाग, डोळे पुसत. आयुष्यात कधी काही जिंकलो नव्हतो. त्या दिवशी जिंकलो, आणि तेही माझं नाव नसलेल्या कागदावर.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन मुरबाडला गेलो. टपरी बंद. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "बाईंचे डोळे गेले रे. मोतीबिंदू वाढला. लेकीकडं गेल्या, खर्डीच्या बाजूला." आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, जी बाईंनी आम्हाला कधी सांगितली नव्हती. नवरा गेल्यावर सासरच्यांनी त्यांना नेसत्या लुगड्यानिशी बाहेर काढलं होतं. कागद नव्हता. तेव्हा त्यांनी टायपिंग शिकून घेतलं.

पेढे त्यालाच दिले. माझी गाडी होती, रजा संपली होती.

बाई, हे कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल म्हणून लिहितोय. पुढच्या रजेला मी खर्डीला उतरून घरोघर विचारत येईन. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन जेव्हा असेल तेव्हा कारखाना सोडून येईन आणि दवाखान्यात शेजारी बसेन. वनीच्या शेतातले तांदूळ आणीन. आणि पट्टी सुटेपर्यंत वनीचा सातबारा तुम्हाला वाचून दाखवीन. मी सातवीपर्यंतचा, अडखळत वाचीन, पण तिच्या नावापाशी अडखळणार नाही. हे फेडल्याशिवाय मी राहणार नाही, बाई.