कोरी प्रत

तपासणीची कमिटी येणार म्हटलं की आमच्या कॉलेजात आधी भिंतींना रंग लागायचा, मग खिडक्यांना पडदे, आणि मग सगळ्यांचा डोळा माझ्या कपाटावर. त्यात मुलांचे प्रोजेक्ट होते. कॉम्प्युटर विभागातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी केलेली सॉफ्टवेअर, सीडींवर उतरवून, वर्षावर्षाचे गठ्ठे बांधून मी ठेवलेली. सहकारी त्याला 'मॅडमचं भंगार' म्हणायचे. म्हणोत बापडे. माझे वडील कचेरीत कारकून, आमच्या घरात लग्नाची जुनी पत्रिकासुद्धा कुणी टाकून दिली नाही. पोरांनी डोळे फोडून केलेलं काम रद्दीत घालायला माझा हात धजत नव्हता.

ती वर्षं दुष्काळाची होती. कॉलेजच्या मागं तेव्हा नुसतं माळरान होतं आणि फेब्रुवारीपासूनच तिथली धूळ लॅबमध्ये यायची. सीडींवर ओरखडे पडायला लागले तेव्हा मी सगळं हार्ड डिस्कवर घेतलं, ती खुरखुरायला लागली तेव्हा दुसऱ्या डिस्कवर, नंतर सर्व्हरवर. पुढं त्या माळावर प्लॉट पडले, फ्लॅट उठले, शहराच्या पाटीवरचं नाव बदललं. कॉलेजनं नवी इमारत बांधली तेव्हा डिस्कचा खोका मी रिक्षात मांडीवर घेऊन गेले. नव्या मशीनवर जुनी सॉफ्टवेअर चालत नाहीत, म्हणून एक म्हातारा कॉम्प्युटर कोपऱ्यात राखून ठेवला आणि त्याच्यासाठी दोन प्राचार्यांशी भांडले. मुलं विचारायची, "मॅडम, हे बघायला कोण येणार?" मी म्हणायची, येईल कुणीतरी. कुणी आलं नाही.

मी निवृत्तीला टेकले होते तेव्हा ती आली. पिशोरच्या पलीकडच्या एका लहान गावची, आमच्या होस्टेलवर राहून शिकलेली. आता वाळूजच्या एका कंपनीत नोकरी, बजाजनगरात घर, एक मुलगा. खुर्चीवर नीट बसलीही नव्हती तेवढ्यात म्हणाली, "मॅडम, आई गेली माझी. मागच्या महिन्यात." आणि लगेच, "माझा प्रोजेक्ट आहे का हो तुमच्याकडं?"

खरं सांगते, मला आधी आनंद झाला. तिची आई गेली होती आणि मी मनातल्या मनात कॉलर ताठ करत होते. आहे म्हटलं, असणारच, चल लॅबमध्ये.

तिचा प्रोजेक्ट मला आठवत होता. बाकीच्यांनी लायब्ररीचं नाहीतर दवाखान्याचं सॉफ्टवेअर केलं होतं, हिनं गावच्या टँकरचं. कुणाच्या घरी किती माणसं, पाणी मिळालं का, नसेल तर तक्रार काय, अशा नोंदी घेणारं, आणि तेही मराठीत. असं सॉफ्टवेअर चालवून बघायला खोट्या नोंदी भराव्या लागतात. पोरं त्यात हिरो-हिरोइनींची नावं टाकायची. हिनं काय टाकलं होतं, ते मला लॅबकडं जाताना पहिल्यांदा कळलं.

तिच्या शेवटच्या वर्षाच्या उन्हाळ्यात होस्टेलची बोअर आटली आणि मुलींना घरी पाठवलं गेलं. हिच्या घरी कॉम्प्युटर कुठला? पिशोरला एक क्लास होता, तिथं ही जाऊन बसायची. बाजाराच्या दिवशी आईही बरोबर आली, पिशवी पायाशी ठेवून शेजारच्या स्टुलावर बसली.

"मी तिला सांगितलं, आई, हे खोटं खोटं आहे, परीक्षेसाठी," ती म्हणाली. "तर ती म्हणाली, तू लिही गं, कोन वाचंल काय सांगता येतं व्हय. मग साऱ्या गल्लीच्या तक्रारी सांगितल्या तिनं. एकेकीची नक्कल करून. क्लासमधली पोरं लई हसली, पण ती काय थांबली नाय. मी जसंच्या तसं टाइप केलं. नंतर होस्टेलवर फोन आला की पहिलं हेच विचारायची, 'आलं का गं काई उत्तर?'"

जिन्यात ती जरा थांबली. "फोटो आहेत मॅडम, लग्नातले. त्यात ती गप्प उभी आहे. तिचं बोलणं तेवढं त्या प्रोजेक्टमध्येच आहे."

तिची स्वतःची सीडी भाड्याच्या खोल्या बदलताना कुठंतरी गेली होती. पिशोरच्या क्लासच्या जागी मोबाइलचं दुकान झालं होतं. उरली होती ती माझ्याकडची प्रत.

प्रोजेक्ट लगेच सापडला. म्हाताऱ्या कॉम्प्युटरनं वेळ घेतला, पण निळी खिडकी उघडली आणि वर तिच्या गावाचं नाव आलं. तिनं तोंडावर हात धरला. मी 'सर्व नोंदी' हे बटण दाबलं.

वर मथळे होते. नाव, गल्ली, माणसं, तक्रार. खाली काही नव्हतं.

मला वाटलं, चुकीची फाइल उघडली. सर्व्हरवरची पाहिली, डिस्कवरची पाहिली, शेवटी मूळ सीडी काढून पदरानं पुसून घातली. सगळीकडं तेच. आणि मग दोघींनाही एकदमच आठवलं.

आमच्या विभागात कोरी प्रत द्यायची पद्धत होती, माझ्या आधीपासूनची. बाहेरचे परीक्षक स्वतः नोंदी भरून बघत, आधीच्या नोंदी मध्ये आल्या की त्यांचा हिशेब चुके. म्हणून सॉफ्टवेअर पूर्ण पाहिजे आणि आत एकही नोंद नको. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी वर्गावर जाऊन 'पुसलं का सगळ्यांनी?' असं विचारायचं, आणि सगळ्यांनी 'हो मॅडम' म्हणायचं. एवढ्या वर्षांचं ते कपाट, तो खोका, ती भांडणं. त्यात होती ती एकासारखी एक लायब्ररीची सॉफ्टवेअर, एकमेकांवरून उतरवलेली. ज्यात त्या पोरांच्या घरचं काही होतं, ते माझ्यापर्यंत येण्याआधीच पुसलं जात होतं. मला रडू आलं. तिच्यासमोर रडायचा मला काय अधिकार, पण आलं.

"तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, मीच पुसलं," ती म्हणाली. "एक बटण तर दाबायचं होतं."

मग तिनं कीबोर्ड पुढं ओढला आणि नवी नोंद उघडली. आईचं नाव लिहिलं. गल्ली लिहिली, घरातली माणसं लिहिली. तक्रारीच्या चौकटीत मात्र बराच वेळ काही लिहिलं नाही. मग भराभर टाइप केलं, 'टँकर वेळेवर येत नाही, कृपया लक्ष द्यावे.' वाचलं आणि पुसलं. 'टँकर लई उशिरा' एवढं लिहिलं आणि तेही पुसलं.

"अशी नव्हती हो बोलत ती," ती म्हणाली. "मला येतच नाही आता तिच्यासारखं. कंपनीत नाही, घरी पोराशी नाही. कुठं बोलणार?"

चौकट रिकामी ठेवून तिनं 'जतन करा' दाबलं. पडद्यावर एक छोटी पाटी आली, विद्यार्थिनी असताना तिनंच लिहिलेली. 'तक्रार लिहिल्याशिवाय नोंद होणार नाही.' तिनं 'ठीक आहे' दाबलं, पुन्हा 'जतन करा' दाबलं. पुन्हा तीच पाटी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तरी ती दाबतच राहिली.