बाजूला व्हायचे पैसे

ताई पहिल्यांदा साबणाच्या कचेरीत शिरली तेव्हा आठव्या मजल्यावरच्या काचा थरथरल्या, कुंडीतलं प्लास्टिकचं झाड कोमेजलं आणि दारावरच्या रखवालदाराने मनातल्या मनात राजीनामा लिहून टाकला. ही हकिकत त्या रखवालदाराचीच, त्यामुळे निम्मी सोडून द्यावी. झाडाचं मात्र खरं असावं.

ताईची उंची पाच फुटांना दोन इंच कमी. काखेत गाठोडं. साबण फायलीतून मान न काढता म्हणाला, "पडदे आतल्या खोलीत आहेत."

"पडदे धुवायला टाका, काळे पडलेत," ताई म्हणाली. "पण आधी माझ्या भावाचं बोला."

साबण म्हणजे हेवीवेट बॉक्सिंगच्या लढती भरवणारा प्रमोटर. डोकं गुळगुळीत, बोलणं त्याहून गुळगुळीत आणि मुठीत धरावा तर निसटणारा. हे नाव ताईनेच ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की पुढे त्याचा ड्रायव्हरसुद्धा चुकून "साबणसाहेब" म्हणून गेला.

भाऊ म्हणजे धाकटा. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि ताई एकोणीसची. तेव्हापासून ती त्याला हाक मारायची तीच जगाने उचलली. साडेसहा फूट, एकशे अठरा किलो, आणि भिंतीवरच्या पोस्टरवर ठळक अक्षरांत नाव 'धाकटा'. प्रतिस्पर्ध्यांना आधी हसू यायचं. ते तिसऱ्या फेरीपर्यंत टिकायचं.

ताईची लाँड्री होती, दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरींची. धुतलेली चादर ती उजेडासमोर धरायची आणि किनारीपासून मध्याकडे बघत यायची. मधला डाग कुणालाही दिसतो, लपतो तो किनारीला. धाकट्याच्या लढतींचा करारही ती तसाच वाचायची, खिडकीसमोर धरून, शेवटच्या पानापासून. वकिलांना घाम फुटायचा. एकदा तिने धाकट्यासाठी हॉटेलात सव्वासात फुटांचा पलंग लिहून घेतला होता आणि खात्री करायला मोजपट्टी घेऊन स्वतः गेली होती.

प्रतिस्पर्धीही तीच निवडायची. लाँड्रीच्या पावत्यांच्या पाठीवर तिची टिपणं असायची: 'डावखुरा, नको.' 'मान बारीक, चालेल.' 'डोक्याने धडका देतो, याच्या आईला सांगायला हवं.' साबण दर वर्षी नवा पैलवान पुढे करायचा आणि ताई दर वर्षी पावती उलटी करून दाखवायची. अशी नऊ वर्षं गेली.

मग बॉक्सिंग महासंघाचं पत्र आलं. आव्हानवीरांच्या यादीत धाकटा पहिला. जगज्जेत्याला आता त्याच्याशीच लढावं लागणार होतं. धाकटा तेव्हा सदतिसाचा. डावी भुवई चार वेळा फाटून चार वेळा शिवलेली. डॉक्टर म्हणाले होते, फार तर आणखी एक वर्ष. म्हणजे किताबाची लढत झाली तर याच वर्षी, नाहीतर नाहीच.

ताई गाठोडं न घेता कचेरीत गेली. साबणाने स्वतः खुर्ची ओढून दिली, तिथेच तिला वास आला.

"ताई, जगज्जेत्याला आधी देखण्याशी लढायचंय."

देखणा हा एक नवा मुलगा होता. त्याचे दात जाहिरातीत असत, त्यामुळे तिकिटं खपत.

"मग लढू दे की. आमच्यानंतर."

"आधी. धाकट्याने फक्त एकदा बाजूला व्हायचं. त्याचे पैसे मिळतील." साबणाने आकडा लिहून कागद सरकवला. आजवर मार खाऊन धाकट्याने जेवढं मिळवलं होतं, त्याच्या दुप्पट.

"हे कशाचे?"

"न लढण्याचे."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे वीस वर्षं त्याने थोबाड फोडून घेतलं, ते आता तोंडाला पानं पुसायला सोपं जावं म्हणून?"

"पैसे आहेत, ताई, पानं नाहीत. नंतर जगज्जेता धाकट्याशी लढेल. लेखी देतो."

"तुमचं लेखी मी नऊ वर्षं वाचतेय. तुमच्या 'नमस्कार'मध्येसुद्धा पळवाट असते."

"देखण्याचा काही भरवसा आहे का? चार फेऱ्यांत आडवा होईल. मग तुमचीच लढत."

"धाकटा बाजूला होणार नाही. आणि पडदे अजून काळेच आहेत."

ती आठ मजले जिन्याने उतरली. लिफ्टमध्ये आपण कुणाला तरी मारू अशी तिला भीती वाटली. मग सगळा रस्ता ती मोठ्याने भांडत आली. समोर कुणी नव्हतं, पण जिंकत होती तीच.

लाँड्रीत धाकटा चादरी घडी करत होता. डबलबेडची चादर एकट्याने घडी करणारा माणूस त्या भागात तो एकच. हात पसरले की दोन्ही टोकं हातात. दुपारच्या वाफेत त्याची भुवई लाल दिसत होती.

"न लढण्याचे पैसे म्हणे," ताईने चप्पल भिरकावली. "मी तोंडावर 'नाही' सांगून आले. त्याला वाटलं काय, आपण—"

"ताई, मी सही केली."

ताईने वाफेच्या इस्त्रीचं बटण बंद केलं.

"कधी?"

"सकाळी. तू दवाखान्यात चादरी पोचवायला गेलीस तेव्हा त्याचा माणूस आला होता. सही झालीय हे ताईला सांगू नका, आधी ती आपणहून हो म्हणते का बघा, असं मीच म्हणालो."

"माझ्याशिवाय?"

"तू असतीस तर करू दिली नसतीस."

"अरे गाढवा, तो किताब होता. तुला लढायचं होतं ना?"

धाकट्याने घडी पूर्ण केली, वर हात फिरवला. "तुला लढायचं होतं, ताई. माझं डोकं दुखतं. रोज."

ताईने असं काही ऐकलेलं नव्हतं. नऊ वर्षं प्रतिस्पर्ध्याच्या मानेपासून पलंगाच्या लांबीपर्यंत सगळं लिहिलं. हे एकाही पावतीच्या पाठीवर नव्हतं. त्याने ते लपवलं याचा राग, आपण विचारलं नाही याचा त्याहून जास्त राग. तो काढायला जागा नव्हती म्हणून तिने त्याच्या खिशातली कराराची प्रत हिसकावली आणि खिडकीसमोर धरली. शेवटच्या पानापासून वाचत आली आणि एका ओळीवर बोट थांबलं.

"'सध्याचा जगज्जेता धाकट्याशी लढेल.' इथे 'जो जिंकेल तो' हवं होतं. हा हरला तर?"

"देखण्याच्या हातून?" धाकटा हसला.

"मला दाखवलं असतंस तर एका शब्दाचं काम होतं रे," ताई म्हणाली आणि दुसरी चप्पलही भिरकावली. ती इस्त्रीच्या कपड्यांवर पडली, ते पुन्हा धुवावे लागले.

देखण्याने जगज्जेत्याला चौथ्या फेरीत पाडलं. नव्या जगज्जेत्यावर कुठलाच करार लागू नव्हता, आणि बाजूला झाला म्हणून महासंघाने धाकट्याला यादीत नवव्या क्रमांकावर टाकलं. तो पुन्हा रिंगमध्ये उतरला नाही. आलेल्या पैशांतून लाँड्रीला व्हॅन घेतली. ती तोच चालवतो, आणि दर गुरुवारी साबणाच्या कचेरीतले पडदे घेऊन येतो.