हुकावरचं वजन

हे आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल — बघू.

मी सौदीत, यान्बूला, एका कॅराव्हॅनच्या — म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या घरांच्या — यार्डात इंजिनिअर होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. वडील मच्छीमार बोटीवर खलाशी. हे मी तेव्हा कुणालाही, त्यानं विचारलं नसतानाही, सांगायचो. काम असं, की गिऱ्हाईक आपली घरची गाडी घेऊन आलं की तिच्यामागे कोणती कॅराव्हॅन बिनधोक जोडता येईल ते ठरवायचं आणि कागदावर सही करायची.

मग सौदीकरणाची वर्षं आली — परदेशी माणसं काढून त्यांच्या जागी सौदी घ्यायचे. आज याचा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, रिन्यू होत नाही, उद्या तो कायमचा घरी. अशात माझ्या हाताखाली माजेद नावाचा सौदी पोरगा आला. "याला सगळं शिकव," मॅनेजर म्हणाला. शिकवून झाल्यावर माझं काय, हे त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माजेद चांगला होता हो. तोही त्याच्या घरातला पहिला शिकलेला. बाप मेंढ्या राखणारा. मला 'या मुहंदिस' — म्हणजे इंजिनिअरसाहेब — म्हणायचा, स्वतः चहा आणून द्यायचा. त्याचाच राग येत होता का मला? अजून कळत नाही.

शिकवलं मी. गाडी किती वजन ओढू शकते ते कुठे बघायचं; कॅराव्हॅनचं वजन रिकामं नाही, पाणी-सामानासकट धरायचं; आणि ते गाडीच्या वजनापेक्षा बरंच कमी हवं. सगळं त्यानं वहीत उतरवून घेतलं. राहिलं ते एकच — हुकावरचं वजन. कॅराव्हॅनचा पुढचा दांडा गाडीच्या हुकावर पुरेसा दाबून बसावा लागतो. जड सामान मागच्या टोकाला ठेवलं की दांडा वर उचलला जातो, आणि वेगात कॅराव्हॅन शेपटीसारखी हलायला लागते. मी दांड्याखाली घरातला साधा वजनकाटा ठेवून हे बघायचो. ते सांगायचं राहून गेलं? की राहू दिलं? "उद्या सांगू" असं मनात आल्याचं आठवतं. तसे उद्या पुष्कळ आले — तीन आठवडे येत राहिले.

मग मी सुट्टीवर असताना माजेदनं एका शिक्षकाच्या गाडीला जोडणी करून दिली. बेरजा सगळ्या बरोबर. फक्त जनरेटर आणि पाण्याचे कॅन मागच्या रॅकवर. मदिनेच्या रस्त्यावर कॅराव्हॅन डोलायला लागली, तिनं गाडीलाच फिरवलं, आणि दोन्ही वाळूत जाऊन पडल्या. त्या शिक्षकाच्या धाकट्या मुलीचा हात दोन ठिकाणी मोडला. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

मॅनेजरनं आम्हा दोघांना समोर उभं केलं. माजेद म्हणाला, "हे मला कुणी सांगितलंच नाही." मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी — जराही न अडखळता — म्हणालो, "सांगितलं होतं. हा मोबाइलमध्ये होता."

कुठून आलं हे? आधी ठरवलेलं नव्हतं. की होतं? इतकं पाठ केल्यासारखं खोटं तोंडातून कसं निघतं? मॅनेजरला लगेच पटलं. "या पोरांचं असंच. खलास," म्हणाला. माजेदची नोकरी गेली. माझा इकामा रिन्यू झाला.

शेवटच्या दिवशी माजेद माझ्या केबिनमध्ये आला. मला वाटलं, शिव्या देईल. त्यावर काय बोलायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. तो उभाच राहिला, खुर्चीवर बसलासुद्धा नाही.

"मुहंदिस, आठवडाभर आठवून बघतोय," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं असणार. माझंच लक्ष नसेल. तुमचंही नाव खराब झालं माझ्यामुळे — माफ करा."

केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो. दार बंद होतं. मॅनेजर गावात नव्हता. बोलायला कसलीच अडचण नव्हती, हे तुम्हाला नीट कळावं म्हणून सांगतोय.

मी उठलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "होतं असं. पुढच्या वेळी नीट लक्ष दे."