अक्काचं बिनगव्हाचं जेवण

माझ्या थोरल्या बहिणीला मी सलग पाच दिवस नेमाने विष वाढलं, आणि दर वेळी वर विचारलं, "अजून थोडं घालू का?"

विष म्हणजे चेन्नईतल्या आमच्या वेस्ट मांबलमच्या घरातलं साधं सार, भात आणि भाजी. पण अक्काला गहू चालत नव्हता. जन्मभर तिचं पोट बिघडायचं आणि जन्मभर आम्ही सगळे तिला नाजूक म्हणून चिडवायचो (सगळ्यांत जास्त मी). पन्नाशी उलटल्यावर पुण्याच्या एका डॉक्टरांनी शोधून काढलं, की गव्हातलं ग्लूटेन तिच्या आतड्यांना सोसत नाही. चिमूटभर कणीकसुद्धा पोटात जायला नको! तोवर तिचं वजन अडतीस किलोवर आलं होतं.

अक्का पुण्यात शाळेत शिकवायची. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. लग्नकार्यात ती स्वतःचा डबा घेऊन पंगतीला बसायची आणि नातेवाईक त्या डब्याकडे असे बघायचे, जणू तिने त्यांची निंदा भरून आणली आहे. आमची आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मला अक्कानेच रांधून घातलं आणि वाढवलं. त्यामुळे दोन हजार चार-पाचच्या सुमारास ती दहा दिवसांसाठी चेन्नईला येते म्हणाली, तेव्हा मी फोनवर छाती फुगवून सांगितलं, "डबाबिबा आणू नकोस. हा तांदळाचा मुलूख आहे. माझ्याकडे तू डोळे मिटून जेव."

पलीकडून ती म्हणाली, "डोळे मिटून जेवले त्याला किती वर्षं झाली रे, रंगा."

झालं. मला चेव आला. गिंडीच्या एका लहानशा कारखान्यात मी माल तपासायच्या खात्यात होतो आणि दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळत होता. मी रजा टाकली आणि जाहीर केलं, की हे दहा दिवस स्वयंपाक मी करणार. माझी बायको सुमती म्हणाली, की पंचवीस वर्षं तिच्या हातचं खाऊन अजून कोणी दगावलेलं नाही. मी दुर्लक्ष केलं (तिचं हे वाक्य नंतर मला फार महागात पडलं). कणीक, रवा, शेवया आणि बिस्किटं शेजारच्या मामींकडे गेली. पोळपाट माळ्यावर गेला. इंटरनेटच्या ब्राउझिंग सेंटरमधून मी वर्ज्य पदार्थांची छापील यादी आणली. तीत बिअरही होती. ती ओळ सुमतीने माझ्याकडे बघत दोनदा वाचली. पिठाच्या गिरणीवाल्याला मी पहाटे गाठलं आणि गव्हाचं दळण पडायच्या आत, जातं धुऊन पुसून, माझे दोन किलो तांदूळ दळून घेतले. घरातल्या प्रत्येक पुड्यावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. मिठाच्यासुद्धा!

अक्का आली. सामानात खरोखरच डबा नव्हता. पहिल्याच दुपारी मी आईच्या पद्धतीचं सार केलं. आमच्या तंजावरकडच्या घरांत खडा हिंग चिनीमातीच्या बरणीत पाण्यात भिजत ठेवतात आणि ते पाणी साराला, भाजीला, ताकाला, सगळ्याला सढळ हाताने घालतात. माझ्याकडे आईची तीच बरणी होती. आमच्या रीतीप्रमाणे अक्काने ओंजळ पुढे केली, मी सार ओतलं, ती प्यायली. पुन्हा ओंजळ पुढे आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिचे डोळे खरोखरच मिटलेले होते. "आईचं सार," एवढंच म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि स्वयंपाकात नेमका त्या दिवशी कांदा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. प्रवासाचा शीण, असं मी निदान केलं. आता पोटदुखीवर आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एकच औषध: हिंग! मी ताकात हिंगाचं पाणी घालून दिलं. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं, तेव्हा कोमट पाण्यातून दिलं. चौथ्या दिवशी जुलाबांनी तिला अंथरुणातून उठवेना, म्हणून मी सार पातळ केलं आणि हिंग दुप्पट केला. डॉक्टर येऊन गेले. पाणी बदललं असेल म्हणाले, मीठ-साखरेचं पाणी द्यायला सांगितलं. मी त्यातही हिंग घातला.

सुमती मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "तुमच्याच हातून काहीतरी चुकतंय." मी भडकलो. सगळी फडताळं उघडून तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, या घरात गहू कुठे आहे तेवढं दाखव. तिला दाखवता आला नाही. वाद जिंकल्याचा आनंद मला त्याही परिस्थितीत झाला, हे कबूल करताना आज लाज वाटते.

पाचव्या दिवशी बरणी रिकामी झाली. वर्षभराचा हिंग पाच दिवसांत अक्काच्या पोटात गेला होता. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून हिंगाचा नवा डबा आणला, तिच्या उशाशी ठेवला आणि पाणी गरम करायला गेलो. परत आलो तर ती चष्मा लावून, डबा डोळ्यांजवळ धरून बसली होती.

"रंगा, जरा बस."

"काय गं?"

"ह्यात गव्हाचं पीठ आहे."

मी बसलो नाही, खाली कोसळलो म्हणा. हिंगाचा निव्वळ चीक फार उग्र असतो, म्हणून पीठ मिसळून त्याचा खडा बांधतात, हे मला त्या दिवशी कळलं. जुन्या खड्याचं वेष्टन बरणी भरतानाच फेकून दिलेलं होतं. आणि आईच्या बरणीवर भिंग कोण धरतो?

"तुला कसं माहीत नाही?" मी उलट तिलाच विचारलं. (चुका काढायची सवय!)

"तिकडे मी तूप-मीठ-भात खाते," ती म्हणाली. "एकटीसाठी फोडणी कोण करतं?"

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. उरलेले दिवस ती स्वतःचा भात स्वतः, वेगळ्या पातेल्यात शिजवत राहिली. जाताना सुमतीने तिला प्रवासासाठी स्टीलचा नवा डबा भरून दिला. तो तिने बसल्या बसल्या दोनदा उघडून, वास घेऊन पाहिला. मी तिचा धाकटा भाऊ, आणि तिने माझ्या घरातल्या डब्याचा वास घेतला. त्यानंतर दर सुट्टीला मी तिला बोलवायचो आणि दर सुट्टीला ती म्हणायची, "तूच ये ना इकडे."

दोन वर्षांनी ती हृदयविकाराने गेली. माझ्या जेवणाचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी त्यांना चार वेळा विचारलं.

वर्षश्राद्ध मीच केलं, दुसरं होतंच कोण? मैलापूरच्या एका जुन्या, औषधी मुळ्या-पाल्याच्या दुकानातून मी बिनपिठाचा, निव्वळ हिंग शोधून काढला. बसमधून आणताना शेजारच्या दोघांनी जागा बदलली. श्राद्धाचा स्वयंपाक करणाऱ्या आमच्यातल्या बाईंपुढे मी ती पुडी मोठ्या अभिमानाने ठेवली.

त्यांनी ती परत माझ्याकडे सरकवली. "श्राद्धाला हिंग चालत नाही हो. एवढी वर्षं आईच्या श्राद्धाला बसता, ठाऊक नाही?"

ठाऊक नव्हतं. सार बेचव झालं होतं. पान वाढून मी गच्चीवर नेलं आणि कावळ्यांसाठी ठेवलं. भात, सार, उडदाचा वडा, खीर. सवयीने एकेक पदार्थ तपासत गेलो, आणि त्या सबंध पानात गव्हाचा कणही नव्हता. म्हणजे अक्काला बिनगव्हाचं जेवण वाढणं मला शेवटी जमलं. फक्त त्यासाठी, ती जेवायला येणार नाही याची आधी खात्री व्हावी लागली!